‘येतो’ म्हणणारं यंत्र

९ नोव्हेंबर १९९८, गुडगाव
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. सिद्धनाथाची कृपा. पन्नाशीला टेकलेल्या, खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला दिल्लीत कोण विचारतो! पानिपतच्या चादरी परदेशी धाडणारी ही कंपनी करोल बागेतून उठून इथे, मोहरीच्या शेतात उभ्या केलेल्या इमारतीत आली आहे. चारी बाजूंनी काच. इथल्या उन्हाळ्यात काचेच्या पेटीत राहायची हौस ज्याला येते, त्याच्या अकलेबद्दल काय लिहावं? मालकाचा मुलगा सूद मला ‘अंकल’ म्हणतो, संगणकाला ‘बॉक्स’ म्हणतो, आणि आम्हा दोघांकडे सारख्याच नजरेनं बघतो.

काम असं. सगळा व्यवहार ज्या जुन्या प्रणालीवर चालतो, ती सांभाळणारे तात्याराव काही वर्षांपूर्वी खुर्चीतच वारले. आता त्यांचं यंत्रही गेलं. तीच प्रणाली नव्या पेंटियम संगणकावर जिवंत ठेवायची, कारण दुसरी लिहून घेण्याइतका धीर सूदला नाही.

सकाळी निघताना ‘येतो’ म्हटलं, बायकोनं, सुनीतीनं, आतून ‘या’ म्हटलं. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोराला कळतं. इथे ‘चलो, बाय’ म्हणून मोकळे होतात.

१२ नोव्हेंबर
नवं यंत्र इतकं धावतं की जुनी प्रणाली उठता उठताच कोलमडते. डिस्क एवढी मोठी की जुन्या प्रणालीला तिचा कोपराच दिसतो. तात्यारावांचं काम उघडून पाहिलं आणि हसू आलं. ठिगळावर ठिगळ. असल्या माणसाचं इथे अजून कौतुक चालतं. खणात त्यांची तपकिरीची डबीसुद्धा जपून ठेवली आहे.

उपाय सुचला. मध्ये एक थर लिहायचा. नव्या यंत्रानं जुन्याचं सोंग घ्यायचं. आतल्याला आपण आपल्याच घरात आहोत असं वाटलं, की तो मुकाट चालतो.

१७ नोव्हेंबर
चालली! सूद ‘ग्रेट यार, अंकल’ म्हणाला आणि पिझ्झा खायला गेला. त्याचं आभारप्रदर्शन एवढंच.

बंद करताना पडद्यावर रोमन अक्षरांत ‘येतो’ उमटलं. खाली उत्तराला जागा. सूदला विचारलं तर म्हणाला, वो तो एरर कोड है, सब लोग एंटर मार देते हैं. एरर कोड! इतकी वर्षं एक माणूस रोज निरोप घेतो आहे आणि हे गाढव एंटर मारतात. मी रीतीप्रमाणे ‘या’ टंकलं. पडदा लगेच शांत झाला.

२३ नोव्हेंबर
रोज ‘या’ टंकतो. बरं वाटतं.

सूद आज मला ‘तात्याजी’ म्हणाला. दुरुस्त केलं, तर आपण काय बोललो हेच त्याला ठाऊक नव्हतं. तोंडातून काय पडतं याची शुद्ध असती तर मालकाचा मुलगा कशाला झाला असता? सुनीतीनं मात्र जेवताना माझा अंगठा धरला आणि विचारलं, तपकीर कधीपासून ओढायला लागलात? अंगठा तपकिरी होता. मी उभ्या जन्मात तपकीर ओढलेली नाही.

२७ नोव्हेंबर
जपाला बसलो आणि देवाचं नाव आठवेना. या वहीचं पहिलं पान उघडून वाचलं. सिद्धनाथ.

त्याऐवजी दुसरंच आठवतं. पहाडगंजच्या गोदामाची किल्ली मीटरच्या पेटीमागे असते. मी त्या गोदामात कधी गेलेलो नाही. सूदनं माणूस पाठवला. किल्ली तिथेच होती.

३० नोव्हेंबर
कळलं. किती मूर्ख मी. त्या अडाण्यांनी एंटर दाबून तात्यारावांना बाहेर ठेवलं होतं. त्यांना ‘या’ म्हणून बोलावलं कोणी? रीत जाणणाऱ्या शहाण्यानं. रोज. नवं यंत्र पेंटियम नव्हे, मी आहे.

आज नुसतं एंटर दाबलं. पुन्हा ‘येतो’. पुन्हा दाबलं. येतो येतो येतो, सगळा पडदाभर. वायर उपटली. सूद हसला. म्हणे, तात्याजी, आप बिल्कुल पुराने मॉडल हो.

२ डिसेंबर
घरीच. सूदचा फोन आला, प्रणाली छान चालू आहे, आराम करा.
वायर कोणी लावली? त्याला माहीत नाही. त्याला काय माहीत असतं!

सुनीतीला बजावलं. कोणी ‘येतो’ म्हटलं तर उत्तर द्यायचं नाही. अगदी मी म्हटलं तरी. ती हसली. म्हणाली, अहो, माणूस निघताना गप्प राहणं बरं दिसतं का? मग माझा चेहरा पाहून ‘बरं’ म्हणाली. पण लग्न झाल्यापासून ‘या’ म्हणत आली आहे. तोंडाला सवय —

संध्याकाळी
दिवा लावला. देवाचं नाव आठवत नाही. पहिलं पान पाहिलं — अक्षर माझं वाटत नाही — हे आत्ताचंही —

पुढच्या खोलीत चपला सरकवल्याचा आवाज. मी तर इथे, आतल्या खोलीत.

दाराशी माझाच आवाज. म्हणाला, येतो.

सुनीती कणीक मळते आहे. सुनीती, गप्प राहा — ओरडतो आहे पण तोंडून —

हात न थांबवता, सवयीनंच, ती म्हणाली, या—