रुखवतातल्या घराचा धूर

लिंब, जि. सातारा
ता. ३ मार्च १९४६

चि. जोतीराम यास,
आकारामचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या बहिणीचा, बनुबाईचा, खोकला चालू आहे, पण तो काही आजचा नाही. पत्राचं कारण, आपल्या विजयमालेचं लग्न वैशाखात ठरलं. मुलगा तासगावच्या हंबीररावांचा. सयाजीला पलटणीतून रजा मिळेल असं दिसत नाही, तेव्हा बापाने करायचं ते सगळं या आजोबाच्या गळ्यात. जेवण गोड लागत नाही बघ.

रुखवतात ठेवायला मी मुलाकडचं घरच लहान करून घडवतोय. स्थळ बघायला गेलो तेव्हा मनात माप धरून आलो होतो. हातभर लांब, सागवानी फळ्यांचं. अंगण, गोठा, बैलजोडी, सगळं आहे. सुतारकाम जमलं, पण रंगाची धास्ती वाटते. हात कापतो रे. कुंचला टेकवला की भिंतीवर गांडुळं फिरल्यासारख्या रेघा उठतात. मागे थोरलीच्या लग्नात मी बैल केले होते आणि व्याह्यांकडच्या बायकांनी त्यांना शेळ्या ठरवून मांडव डोक्यावर घेतला होता, ते तू विसरला नसशील. बनुबाई तर अजून रागावली की त्या बैलांना दूध किती म्हणून विचारते.

तुझ्या फोटोवाल्या मालकाकडे हवेने रंग उडवायचं यंत्र आहे असं तू बोलला होतास. त्यातलं कोणतं घ्यावं? चौथी नापास माणसाला जमेल का? हवा भरताना फुटणार तर नाही ना? सगळं सविस्तर लिही. मात्र कुणाजवळ बोलू नकोस. म्हातारपणी चळ लागला म्हणतील.

थोडं लिहिलं आहे, पुष्कळ समजून घे.
तुझा,
आकाराम

सांगली
ता. ११ मार्च १९४६

ती. दाजी यांच्या चरणी,
जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शेळ्यांची आठवण काढून हसलो, त्याबद्दल माफी असावी.

यंत्रं तीन तऱ्हेची मिळतात. एक, तोंडाने फुंकायच्या दोन नळ्या. ते घेऊ नका. थेंब थुंकल्यासारखे उडतात, आणि चार फुंकांत तुम्हाला भोवळ येईल. दुसरं पाट्या रंगवणाऱ्यांचं, खाली काचेची बाटली लावलेलं. त्याचा झोत सुपाएवढा. तुमच्या घराबरोबर बैल, गोठा आणि समोर बसलेली अक्काही रंगेल. तिसरा एअरब्रश, पेनासारखा हातात धरायचा. वर अंगठ्याच्या टोकाएवढी वाटी, पोटात सुई. चाप दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. जेवढा ओढाल तेवढाच. आमचे मालक फोटोतल्या माणसांच्या गालांवर यानेच सावली आणतात. तुम्हाला हाच. कागदाला टेकवावा लागत नाही, त्यामुळे हात कापला तरी रेघ उठत नाही. भिंतीवर धुकं बसावं तसा रंग बसतो.

मालकांना नवा मिळाला, म्हणून जुना तुमच्यासाठी मागून घेतला आहे. हवेसाठी मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब पाठवतो. ती पंपाने भरायची, फुटत नाही. रंग दुधासारखा पातळ करा आणि मलमलीतून गाळा. सुई वाकली तर सगळंच संपलं, तेव्हा खाली पाडू नका.

लग्नसराईत दुकानातून सुटका नाही, लग्नाला येणं कठीण दिसतं. अक्काला नमस्कार. तिच्या खोकल्याला काढा तरी द्या.

मेहुण्यावर राग नसावा.
आपला,
जोतीराम

लिंब
ता. २ एप्रिल १९४६

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

ट्यूब आणि एअरब्रश मिळाले. पहिले आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रावर नुसते ढग काढले. ट्यूबमधून हवा सुटायला लागली की बनुबाई म्हणते, घरात एक फुंकणी होती तेवढी पुरे होती.

पण काय वस्तू दिलीस गड्या! भिंती चुन्याच्या पांढऱ्या झाल्या, रेघेचं नाव नाही. बैल तर जिभेने अंग चाटतील असे वाटतात. मग मला हाव सुटली. हंबीररावांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर धुराचा पट्टा आहे. खाली गडद, वर जाताना विरळ होत आढ्यापाशी विरून जाणारा. तो मला पहिल्याच दिवशी फार आवडला होता. कुंचल्याने असा धूर सात जन्मांत निघणार नाही. बाजारचा काळा रंग निळसर दिसला, म्हणून आमच्याच चुलीमागच्या भिंतीची काजळी उलथन्याने खरवडून घेतली आणि डिंकाच्या पाण्यात कालवून तीनदा गाळली. बनुबाई भाकरी थापत होती. तिचा अंधार पडत होता म्हणून तिला जरा सरकायला सांगितलं, तर म्हणाली, रुखवतात काजळी कोण मांडतं? तिला सावलीतलं काय कळणार!

पट्टा हुबेहूब उतरला आहे. तू बघायला हवा होतास.

वर्तमान कळवत जा. सर्वांना आशीर्वाद.
आकाराम

लिंब
ता. २२ मे १९४६

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

लग्न झालं. तू आला नाहीस तेच बरं झालं.

रुखवतावरचं फडकं काढलं, आणि बायका आधी वा वा म्हणाल्या. मग मुलाची बहीण वाकून बघत म्हणाली की हे आमचंच घर की, पण घर आणलंय का कोळशाची भट्टी? आमच्याकडच्या एका शहाणीला वाटलं, रुखवत म्हणजे थट्टेचीच जागा, म्हणून तिने वर टोला दिला की जसं दिसलं तसं केलं, आमच्या म्हाताऱ्याचे डोळे लय चांगले. सगळा मांडव हसला. हंबीरराव हसले नाहीत. पंगतीत अर्ध्या ताटावरून उठले. मुलाच्या आई, राहीबाई, त्या घरापाशी आल्या, धुराच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पदराला पुसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

चार माणसांत व्याह्यांच्या घराला मी काळं फासलं, जोतीराम. आणि ते करताना मला आनंद होत होता. पोरीला वाटेला लावताना तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही. आता सासरी तिला काय काय ऐकावं लागत असेल! बनुबाई मला काही म्हणत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

तू एकदा तासगावी जाऊन पोरीला बघून ये. माझे पाय तिकडे वळत नाहीत.

आशीर्वाद देण्याच्या लायकीचा नाही, तरी देतो.
आकाराम

सांगली
ता. १२ जुलै १९४६

ती. दाजींस शि. सा. न. वि. वि.

तासगावी जाऊन आलो. विजयमाला प्रकृतीने बरी आहे. ती काही सांगत नाही, पण बोलता बोलता दाराकडे बघते. हंबीररावांनी मला चहा दिला आणि सरळ सांगितलं की पोरगी पहिल्या पंचमीला माहेरी येणार नाही. ज्यांना आमचं घर काळं दिसलं त्यांनी आपल्या पांढऱ्या घरात सण करावा, हे त्यांचे शब्द.

दाजी, रागावू नका. मला लिहून काय उपयोग? त्यांना लिहा. कलाकुसरीचं काही सांगू नका, आणि मान खाली घालून खरं असेल तेवढंच लिहा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घालावं.
जोतीराम

तासगाव
ता. २७ जुलै १९४६

तीर्थरूप आबा यांच्या पायी विजयमालेचा नमस्कार.

तुमचं पत्र मामंजींनी मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. ‘ती काजळी माझ्याच घरच्या चुलीमागची होती, ती मी तुमच्या भिंतीवर उडवली,’ इथवर मी वाचलं. मामंजी खाली बघत राहिले. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांना इतकं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या की लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या धुरात डोळे चोळतेय, ते घरातल्या एका माणसाला दिसलं नाही. परक्या माणसाला नुसत्या अंगणातून दिसलं, तर तुम्हाला त्याचा राग आला व्हय?

मामंजी उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण परवा त्यांनी स्वतः कौलं काढून पत्र्याचं धुराडं बसवलं. भाकरी मुकाट्याने खातात.

येऊन ते लहान घर पांढरं करून देतो असं तुम्ही लिहिलंत. सासूबाई नको म्हणतात. ते त्यांनी फडताळावर ठेवलंय. पुरुषमाणसं विसरली की दाखवायला लागेल म्हणतात.

मी पंचमीला येतेय. आजीला सांगा.
तुमची लाडकी,
विजयमाला

लिंब
ता. ९ ऑगस्ट १९४६

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

पोरगी आली, झोके घेऊन कालच परत गेली. सगळं गोड झालं असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पंचमीला ती आजीच्या हाताखाली पुरणाची दिंडं करायला आत गेली आणि थोड्या वेळाने पदराने डोळे पुसत बाहेर आली. सासरच्यांनी काही बोलून दाखवलं का म्हणून विचारलं, तर हसली. म्हणाली, तसं काही नाही आबा, धूर आहे, तिकडे आता सवय मोडली.

मी आत जाऊन उभा राहिलो. तुझी बहीण फुंकणी तोंडाला लावून ओलं सरपण फुंकत होती आणि मध्येच खोकत होती. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर मी फाल्गुनात खरवडलेली जागा शोधली. सापडली नाही. पुन्हा सगळं काळं झालं होतं. त्या दिवशी काजळी काढताना मी तिलाच बाजूला सरकवलं होतं रे.

गवंडी म्हणतो, पाऊस उघडल्याशिवाय विटांचं धुराडं होणार नाही. तोवर चूल मी पडवीत हलवली. ओझं उचलताना मला धाप लागली, तशी बनुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, आवं, आता कुणाचा रुखवत हाय?



इकडे मान खाली घालून बसलो आहे. तुझी माया तेवढी कमी करू नकोस.
तुझा,
आकाराम