मी मातीला का आलो नाही

अणदूर,
शुक्रवार

प्रिय रेवणप्पा,

दैवशालावहिनींच्या मातीला मी आलो नाही. गुडघ्याचं कारण कळवलं, ते तू मानलंस किंवा मानल्यासारखं केलंस. गुडघा बरा होता. त्या दिवशी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि खाटेवर टेकलो, तो बसूनच राहिलो. भैरवी, माझी सून, दोनदा सांगून गेली की गाडी थांबलीय. ऐकू येत होतं, पण उठावंसं वाटेना. सव्वीस वर्षं आपण एका शाळेत शिकवलं, मधल्या सुट्टीत वहिनींच्या हातची भाकरी मी तुझ्या डब्यातून खाल्ली, आणि त्या गेल्या तर मला रडूही आलं नाही. स्वतःची लाजही वाटली नाही, रेवणप्पा.

त्याआधी वर्षभर माझी झोप गेली होती. तीनला डोळे उघडायचे, मग उजाडेपर्यंत तसंच पडून राहायचं. घरात कुणी विचारलं तर वयानं झोप कमी होतेच, म्हणायचो. पेपर वाचणं सुटलं. जेवणाची चव गेली. नात मांडीवर बसली तरी कधी उतरते असं व्हायचं.

शेवटी भैरवीनं तुळजापूरला डॉक्टरकडं नेलं. तरुण बाई आहेत. मी झोपेची गोळी मागितली, तर त्यांनी विचारलं, "गुरुजी, शेवटचं बरं कधी वाटलं होतं?" "आता वय झालं," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "हे वयामुळं नाही. हा आजार आहे, नैराश्याचा." झोप उडाली की मन खचतं, मन खचलं की झोप आणखी उडते, तेव्हा दोन्हींवर इलाज करायचा, असं त्यांनी समजावलं. दोन महिने औषध चालू आहे. फार फरक नाही. पाचपर्यंत झोप लागते. परवा चहात साखर कमी आहे, एवढं कळलं.

काल तुझ्या लेकीचा, प्रीतीचा फोन आला. ती म्हणाली, तू तीनला उठून ओसरीवर बसतोस, ताट तसंच सारतोस, आणि विचारलं तर "आता वय झालं" म्हणतोस. ते नुसतं दुःखही असेल, मला काय कळतंय. पण मीही घरात हेच सांगत होतो. हे फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. येत्या गुरुवारी तुळजापूरला डॉक्टरकडं माझी तारीख आहे. सकाळी मी आधी जळकोटला येतो. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण कपडे करून तयार राहा. दोघं मिळून जाऊ.

तुझाच,
कृष्णराज