गरगरीत म्हणजे नुसते गोल नव्हे

राजापेठ, अमरावती

ती. बापूसाहेबांस,
धाकटा मेहुणा पद्माकर याचा साष्टांग नमस्कार. आपली दाढ, गुडघा आणि कूलर ही तिन्ही यंत्रे अकोल्याच्या उन्हात चालू असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. रविवारी मळ्यात, भर पंगतीत, आपण ताराने वळलेल्या रोडग्यांना 'गोल' म्हणालात. जन्मभर संस्कृत शिकवणाऱ्याच्या मेहुण्याला हे शोभत नाही. गोल तर ताटही असते. रोडगा गरगरीत असतो. आतून भरून आल्यामुळे जे वाटोळे होते ते गरगरीत: पुनवेचा चंद्र, बाळसे धरलेल्या पोराचे गाल. पाहताच थापटावेसे वाटले पाहिजे, ही कसोटी. (ताटाला कोणी थापटत नाही.) आणि हा शब्द मला आपणच दिलात! मुलगी दाखवताना म्हणाला होतात, "आमची तारी कशी गरगरीत हाये, पाहून घ्या, मंग म्हणसान, सांगतलं नाही." मी कोश न उघडता होकार दिला.

असो. पुढचा अनर्थ आपल्यासमोरच घडला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेला, तुपाने निथळणारा रोडगा राखणदार बुधाजीने दाताखाली धरला आणि थबकला. "काहो जवाईबुवा, रोडग्याले बी हाड असते काय?" हाड नव्हते, ताराची सोन्याची पाटली होती, कणीक मळताना निसटून आत वळली गेलेली, खरपूस भाजलेली. आपण "गुप्तदान! गुप्तदान!" अशी आरोळी ठोकलीत. (गुप्तदान जावयाला करतात, राखणदाराला नव्हे, हे शास्त्र सोयीने विसरलात.) वहिनी हसून हसून बेजार. मीही हसलो, वर दोन रोडगे जास्त खाल्ले.

तरी यापुढे शब्द जपून वापरावा. वहिनींना नमस्कार.

आपला,
पद्माकर

ता. क. वांग्याच्या भाजीबद्दल मात्र तक्रार नाही.

आणखी एक ता. क. ती पाटली लग्नात साबण लावून चढवली होती. नंतर तेल हरले, सोनार हरला, ती उतरली नाही. रविवारी आपोआप निघाली आणि ताराला कळलेही नाही. "ऊन तापून राह्यलं, जेवण जात नाही," म्हणते. डॉक्टरचे नाव काढले की मला म्हणते, "तुम्ही तुमची रूपं चालवा." आपले ती ऐकते. या रविवारी या आणि तिला दवाखान्यात न्या. मी मागे बसेन. पाटली तिने पुन्हा घातली आहे, आतून दोरा गुंडाळून. तो दोरा दिसला की मला भीती वाटते.