मूळ प्रतीत नसलेलं वाक्य

ता. ९ फेब्रुवारी

चि. वाळवीस,

आत्याचे आशीर्वाद. तुझं पत्र आणि लेख दोन्ही पोचले. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. तुझ्या बाबाला सांग, स्वेटर अंगाला बसला. रंग डोळ्यांत खुपतो, तरी घालते आहे. वहिनीची पाठ आता कशी आहे ते कळव.

आता लेख. कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायचा म्हणून तपासायला पाठवलास, तर तपासला. 'माझ्या आवडत्या तीन कादंबऱ्या आणि त्यांनी मला शिकवलेले जीवनाचे धडे.' शीर्षक वाचतानाच धाप लागली. आणि धडे कसले? धडे शाळेच्या पुस्तकात असतात, त्यांच्याखाली प्रश्न असतात. तुझं नाव मी वाळवी ठेवलं ते तू पुस्तकं आरपार खातेस म्हणून. खाऊन झाल्यावर सुविचारांचे ढेकर द्यावेस म्हणून नाही.

पहिली कादंबरी, घर सोडून दीपगृहावर नोकरीला जाणाऱ्या मुलीची. तू धडा काढलास, 'स्वप्नांच्या मागे धावावं.' ती मुलगी धावते कुठे? सबंध हिवाळा ती काचा पुसायला शिकते, शिडीवरून पडते, शिव्या खाते आणि पुन्हा चढते. तिच्या पडण्यावर तू दीड पान लिहिलं आहेस आणि स्वप्नांवर एक ओळ. म्हणजे तुला काय आवडलं ते तुझ्या हाताला ठाऊक आहे, डोक्याला नाही. दीड पान ठेव, ओळ काढ.

दुसरी, भिंतीवरून अबोला धरलेल्या दोन भावांची. धडा, 'क्षमा करावी.' अगं, क्षमा कोण करतं त्यात? थोरल्याला एकट्याने पलंग हलत नाही म्हणून तो धाकट्याला हाक मारतो. मी आणि तुझा बाबा दर भांडणानंतर असेच बोलायला लागतो. त्याला विचार, क्षमा कधी केली होती म्हणून.

तिसरी कादंबरी निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची. त्यातलं एक वाक्य तू ठळक अक्षरात दिलं आहेस: 'एका दिव्याखाली दोघं वाचत बसली, म्हणून दिवा काही जास्त जळत नाही.' आणि धडा काढलास की आपल्याकडचं दुसऱ्याला द्यावं, दिल्याने कमी होत नाही. हा धडा साफ चुकीचा आहे. त्या वाक्याचा औदार्याशी काडीचा संबंध नाही. धडा काढ आणि वाक्यही काढ. ते लेखिकेचं नाही. कारण विचारू नकोस.

एका कादंबरीने मला काही शिकवलं असेल तर इतकंच, की माणसं जे दोनशेव्या पानावर बोलतात ते विसाव्या पानावर बोलली असती, तर कागद वाचला असता.

बाकी बातमी विशेष नाही. रेडिओकाका महिनाअखेर खोली सोडून मुलीकडे राहायला जाताहेत. कायमचे. लहानपणी तू छापखान्यात यायचीस तेव्हा माझ्यासमोर बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचणारे, तेच. मी प्रुफावर नजर ठेवायची आणि त्यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारत वाचायचं, हीच आमची नोकरी होती. नायिका रडत असो की घर जळत असो, आवाज तोच, बातम्या दिल्यासारखा. 'मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही, उद्गारचिन्ह, अवतरण पूर्ण, नवा परिच्छेद.' तू टेबलाखाली बसून हसायचीस.

निवृत्तीनंतरही ते दर शनिवारी सकाळी येतात. वर्तमानपत्रातल्या चुका काढत आम्ही चहा पितो. आता शनिवार मोकळा होईल. कपाटं आवरायची राहिलीच आहेत. मुलीकडे दोन कुत्री आहेत आणि कुत्रं दिसलं की हे गृहस्थ शिंकायला लागतात. पण तो त्यांचा प्रश्न.

सुधारलेला लेख पाठव. हस्तलिखित आणि टाइप केलेली प्रत, दोन्ही.

तुझी,
आत्या


ता. १७ फेब्रुवारी

चि. वाळवीस,

हट्टीपणा कुणाकडून घेतलास ते विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

शीर्षक छोटं केलंस, पहिले दोन धडे काढलेस, लेख श्वास घ्यायला लागला. तिसरा धडाही काढलास. वाक्य मात्र जागचं हललं नाही, आणि वर तू लिहितेस, 'आत्या, अख्ख्या पुस्तकात मला हे वाक्य सगळ्यात आवडलं. लेखिकेचं नसेल तर कुणाचं? आणि तुला कसं माहीत? सांगितल्याशिवाय काढणार नाही.'

सांगते. बाबाजवळ बोलू नकोस.

ती कादंबरी मी आणि रेडिओकाकांनी मिळून तपासलेली शेवटची कादंबरी. त्यानंतर मी निवृत्त झाले, पाठोपाठ तेही. एके दिवशी ते वाचत होते, मी प्रूफ बघत होते. पोस्टमास्तर बाईंच्या दारात उभे आहेत, असा प्रसंग. रेडिओकाकांनी वाचलं, 'एका दिव्याखाली दोघं वाचत बसली, स्वल्पविराम, म्हणून दिवा काही जास्त जळत नाही, पूर्णविराम.' प्रुफात हे वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "थांबा. हे गाळलंय. पुन्हा सांगा."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग पुन्हा सांगितलं, सावकाश. मी लाल शाईने समासात उतरवलं, जागा दाखवली आणि म्हटलं, "चालू द्या."

शेवटची प्रुफं बघायला लेखिका स्वतः आल्या. हसत म्हणाल्या, "बाई, हे वाक्य माझं नाही हो. पण राहू द्या, माझ्या पोस्टमास्तरांना हे सुचायला हवं होतं." त्या गेल्यावर मी हस्तलिखित काढलं. पान उलटून पाहिलं, पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं. वाक्य कुठेच नव्हतं. समोर ते चष्मा पुसत बसले होते. पुसून पुसून काच झिजवतात की काय असं वाटावं इतका वेळ. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "पुढे वाचा."

त्यांनी वाचलं. त्यानंतर आजवर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. शनिवारी येतात, चुका काढतात, कप विसळून ठेवतात आणि जातात.

आता तू म्हणशील, आत्या, त्यांना काय म्हणायचं होतं ते तुला तेव्हा कळलं नाही का? न कळायला मी काय दगड आहे? त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी तर कधी कुणाबरोबर राहिलेच नाही. जेवताना मला पुस्तक लागतं. खिडकी उघडी लागते. कुणी विचारलं, 'कसला विचार करतेस?' तर डोकं फिरतं. या वयात नवं माणूस घरात घ्यायचं म्हणजे सगळं फर्निचर हलवायचं. आणि लोक हसतील ते वेगळंच. तुझा बाबा पहिला हसेल. लहानपणी मी त्याला पाढे चुकला म्हणून बाकावर उभं केलेलं आहे. इतक्या वर्षांनी फेडून घ्यायची संधी तो सोडेल होय?

म्हणून मी गप्प राहिले. आता ते जाताहेत. मी थांबा म्हटलं तर थांबतील, असं मला वाटतं. नाही म्हटलं तर जातील. आणि मी काहीच बोलले नाही, तरी जातील. पेटीला दोरी बांधायला मदत करा, असं परवा म्हणाले. मी गाठ इतकी घट्ट बांधली की ते म्हणाले, "तिकडे कात्री लागेल." मी म्हटलं, "असेल तिकडे कात्री."

घरी येऊन दार लावलं आणि स्वतःवर चिडले.

वाक्य ठेवायचं तर ठेव. तुझा लेख आहे.

तुझी,
आत्या


ता. २४ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या वाळवीस,

काल शनिवार होता. ते आले. वर्तमानपत्र मी बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "आज भाचीचा लेख तपासायचाय. शेवटची तपासणी." तुझं हस्तलिखित त्यांच्या हातात दिलं, टाइप केलेली प्रत मी घेतली. टेबल तेवढं वेगळं, बाकी आम्ही छापखान्यात बसायचो तसेच बसलो.

दीपगृह झालं. भाऊ झाले. तुझा 'कर्कश्श' दोन वेळा चुकला आहे, तो सुधारला. मग पोस्टमास्तर आले. तुझं गिचमिड अक्षर त्यांनी डोळ्यांजवळ धरलं आणि ते वाक्य वाचलं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट. आणि थांबले. ज्या माणसाला मी खोकल्याशिवाय कधी थांबलेलं पाहिलं नाही, तो माणूस.

"तुमच्या प्रतीत आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मागच्या वेळी नव्हतं."

"मागच्या वेळी मला वाटलं, तुम्ही वाचताय."

"तुम्ही दुसऱ्यांदा म्हणायला लावलंत," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, तुम्ही विचार करताय. मग तुम्ही ते लाल शाईने लिहून घेतलंत. मी म्हटलं, आता हे काय? होकार की दुरुस्ती?"

मला हसू आलं. इतकं, की चहा सांडला. तुझ्या लेखाच्या तिसऱ्या पानावर डाग आहे तो त्याचा. नवं पान टाइप कर.

हसणं थांबल्यावर मी टेबल पुसलं. मी विचारलं, "कुत्र्यांचं काय करणार आहात?"

"शिंकणार."

"नका जाऊ," मी म्हटलं.

बस, एवढंच. सुचलं असतं तर काही चांगलं बोलले असते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारली, स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन शब्द मिळाले.

त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "पुन्हा सांगा."

मला! माझ्या घरात बसून! मी पुन्हा सांगितलं. सावकाश.

तर आता लग्न. हा शब्द लिहिताना पेन अडलं, पण गेलं पुढे. नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करायच्या, तू आणि वहिनी साक्षीदार म्हणून हव्यात. त्यांच्या मुलीने फोनवर आधी "काय?" म्हटलं, मग "कुत्री वाचली" म्हटलं. मुलगी बरी दिसते. जेवताना पुस्तक चालेल, असं त्यांनी मान्य केलं आहे. खिडकीवर वाद आहे. त्यांना वारा सोसत नाही. बघू कोण हरतं.

पुढच्या रविवारी ये. त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या वर चढवायला हात हवेत आणि माझी कपाटं अजून आवरलेली नाहीत.

एक काम मात्र तुलाच करायचं आहे. बाबाला मी स्वतः सांगणार होते. फोन केला, हवेबद्दल बोलले, वहिनीच्या पाठीबद्दल बोलले आणि ठेवून दिला. ज्याला बाकावर उभं केलं त्याच्यापुढे आता मला उभं राहता येईना. तू सांग. हसेल, तर हसू दे, पोटभर हसू दे. पण हसणं संपल्यावर तो जे म्हणेल ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. एक शब्दही सुधारू नकोस.

उत्तराची वाट पाहते आहे,
त्याची ताई आणि तुझी आत्या