समोर येणाऱ्याचा कायदा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

रामदादा,

नमस्कार. व्यापारी बुडाला म्हणून पळतो, की पळाला म्हणून बुडतो? सोमवारी एम.ए.च्या वर्गात मी जुन्या युरोपातल्या दिवाळखोरीवर बोलले, तेव्हा सरांनी हे विचारलं. आता तेच तुला विचारतेय.

तुझा फोन बंद, म्हणून टपालानं लिहितेय. घरी ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो. दारावर थाप पडली की आधी मीच उठते.

त्या काळी तिकडं नाणी कमी, उधारी फार. खाटीक, शिंपी, दाणेवाला, सगळे एकमेकांच्या शब्दावर जगायचे. इटलीतल्या पदुआ गावात एक दगड आहे. कर्ज न फिटणाऱ्याला आतल्या कपड्यांवर त्यावर तीनदा बसवायचे, 'माझं सगळं सोडलं' म्हणायला लावायचे आणि गावाबाहेर काढायचे. आईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्या रामला बिगरदगडाचंच गाव सुटलं."

इंग्लंडात मात्र तीनशे वर्षांपूर्वी वेगळा कायदा झाला. बुडालेला व्यापारी स्वतः समोर आला, सगळं खरं सांगितलं आणि ज्यांचं देणं होतं त्या पाचातल्या चौघांनी सही दिली, तर उरलेलं देणं माफ. जो लपला, त्याला फाशी. बुडणं हा मोठा गुन्हा नव्हता दादा, लपणं होता.

एक गोष्ट मी वर्गात बोलले नाही. तुझ्या बुडालेल्या भिशीतल्या बायकांनी पैसे तुझ्याकडं बघून दिले नव्हते. "हिशेब आमची प्रांजली बघते, ग्रॅज्युएट आहे," असं तू सांगत फिरलास. मी एकदाही हिशेब पाहिला नाही. आणि कधी 'नाही' म्हणालेही नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

म्हणून मंगळवारी मी एकेकीच्या घरी गेले आणि हे तोंडानं सांगितलं. मग कागद पुढं केला: राम समोर आला, सगळं खरं सांगितलं, तर पोलिसात जाणार नाही, हप्त्यानं घेऊ. अकरापैकी नऊ जणींनी सही दिली. सुरेखाताईंनी चहाही दिला.

द्वारकाबाईंनी कागद उलटा करून पाहिला. पोरीच्या लग्नाचे पैसे होते त्यांचे.

"हे कुठलं गं?"

"विलायतेतला कायदा आहे मावशी, जुना."

"व्हय का! मग विलायतेतच बस म्हणावं त्याला. माझा पैसा गारखेड्यात गेलाय. लई शिकलीस बाई, एवढंच सांग, कुठंय तो?"

मी म्हटलं, माहीत नाही. तुझा पत्ता आईनं तिच्या डोक्यावर माझा हात ठेवून, कुणाला न सांगायची शपथ घालून सांगितला होता.

"खोटं बोलतानाबी मान खाली घालतीस," त्या म्हणाल्या. "भाऊ तेवढंबी करत नव्हता."

पायऱ्या उतरले. कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं उमगलं, आता मीही लपतेय. परत फिरले.

वैजापूर, मार्केट यार्डामागं, बद्रीनाथ यांचं कांद्याचं गोदाम. हे मी त्यांना माझ्या हातानं लिहून दिलं. आईलाही सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही.

रविवारी सकाळी द्वारकाबाई जीप करून तिकडं येतायत. मी सोबत असेन. पत्र शनिवारी मिळेल. पळायला एक रात्र पुरते, मला ठाऊक आहे. तरी आधी कळवलंय.

तुझी,
प्रांजली