ताईचं गाणं दुसऱ्या गळ्यातून

१२ नोव्हेंबर, अमरावती
अजयने घरच्या ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाकली. खाली एवढंच, "मावशी, ओळख पाहू." पहिल्या ओळीलाच ओळखलं. 'वळण पाण्याला देऊ कसे.' ताईचं गाणं. माझ्या सख्ख्या बहिणीचं, अकोल्याच्या रेडिओवर गायलेलं, एकेकाळी अख्ख्या वऱ्हाडात लोक फर्माईश करून ऐकायचे ते.

आणि गातेय कोण, तर चांदूर बाजारची कोणी रेणुका. वय पंचवीसच्या आत. मांडीवर गिटार, मागे भिंतीला टेकवलेली फुलांची क्रेट्स. लय इतकी संथ की दोन ओळींच्या मध्ये दूध उतू जाऊन गॅस पुसून व्हावा. 'पाण्याला'चं 'पाण्याले' केलंय. कवी आमचे शेजारचे देशपांडे मास्तर होते, शुद्धलेखनाला छडी मारणारे. बरं झालं, गेले.

आणि पेटी नाही. मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये जो पेटीचा तुकडा होता तो साफ गायब. तो मी वाजवला होता.

ताईचं नाव कुठेही नाही. 'एक जुनं गाणं, माझ्या पद्धतीने.' खाली लोकांचे अभिप्राय, मूळ गाण्यापेक्षा भारी वगैरे. यांनी मूळ ऐकलं कधी?

१३ नोव्हें.
अजयला फोन केला. ताईचा मुलगा, पन्नाशी उलटली तरी माझ्याशी बोलताना शाळेतला होतो. हसत होता. म्हणे मावशी, याला कव्हर म्हणतात, जगभर करतात. मी म्हटलं, जगभर लोक बरंच काही करतात.

ताईला ऐकवलंस का, विचारलं. "आईचं तुला माहीत आहे ना," म्हणाला आणि विषय बदलला. माहीत आहे. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ताईचा आवाज म्हणजे नुसती हवा. त्या घरात गाणं लागत नाही. कोणी बंदी घातली नाही, लागत नाही एवढंच.

म्हणजे जिचं गाणं ती बोलू शकत नाही. कोणीतरी बोलायला हवं.

१४ नोव्हें.
तक्रार केली. त्या व्हिडिओखालीच सोय असते, शोधायला अर्धी सकाळ गेली. मूळ गायिकेची बहीण आणि तिच्या वतीने अधिकृत, असं लिहिलं. इंग्रजी झकास जमलं. नन्सनी आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, पण सभ्य भाषेत माणसाला जमिनीत कसं गाडावं ते शिकवलं. ताई मराठी शाळेत गेली, मी धाकटी म्हणून कॉन्व्हेंटात. त्याचा आज तिला उपयोग झाला.

ताईला विचारलं नाही. तिला कशाला त्रास.

१६ नोव्हें., रविवार
उडाला. 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही.' तीनदा उघडून पाहिलं, तीनदा समाधान झालं. ग्रुपवर काही बोलले नाही.

१८ नोव्हें.
संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये कराओके. निवृत्त मंडळींचा क्लब. माझ्या बँकेतले दोन साहेबही आहेत, जे आयुष्यभर कर्जाची फाइल वाचायचे तसं आता गाणं वाचतात, मोबाइलवरून. ट्रॅक वाजतो, हे त्याच्या मागे धावतात. मूळ गायकाने जिथे हुंदका दिला तिथे हेही देतात. अगदी हुबेहूब. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि घरी येईपर्यंत एकही गाणं लक्षात राहिलं नाही.

आणि आज दुपारी मेथी निवडताना मी काय गुणगुणत होते? वळण पाण्याले. त्या पोरीच्या लयीत. रागाने मेथीच्या काड्यासुद्धा भाजीत गेल्या.

ताईचं गाणं मला पाठ आहे. पाठ असलेलं आपण ऐकतो कुठे, फक्त तपासतो. ही पोरगी 'देऊ' वर थांबते तेव्हा पुढचा शब्द येईल की नाही असं वाटतं. मला. जिला पुढचा शब्द कैक वर्षांपासून माहीत आहे.

हे लिहायला नको होतं. असो.

२० नोव्हें., अकोला
ताईकडे, जठारपेठेत. बडनेऱ्याहून गाडी वेळेवर, डब्यात संत्र्यांच्या सालींचा सडा.

जेवण झाल्यावर ताई अजयचा फोन मागू लागली. "लाव ना रे ते." आवाज नाहीच, ओठांवरून कळतं. मला वाटलं कीर्तन वगैरे असेल.

ते नव्हतं. अजयने तिला ऐकवलं होतं, ग्रुपवर टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मला न सांगता. आणि बाईसाहेब तो उडेपर्यंत रोज रात्री फोन कानाला लावून ऐकत होत्या; नंतर अजय टाळत राहिला. या घरात. इतक्या वर्षांनी.

अजय म्हणाला, "आई, ते उडवलं गं कोणीतरी. तक्रार केली म्हणे कोणी."
ताईने हातानेच विचारलं, कोणी?
मी पडदा पाहत होते. चांगला पडदा आहे, नवा घेतलाय.

मग मी म्हटलं, एवढं काय होतं त्यात, किती रडत गायलीय, लय तरी आहे का. ताईने मला जवळ बोलावलं. ती बोलते तेव्हा कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाली, "असंच गायचं होतं मला. रेडिओत लाल दिवा लागला की तू पेटीवर पळायचीस, बेबी. तुझ्या मागे मी पळायची."

मी बेबी. वय वर्षं सत्तरच्या पुढे.

मी म्हटलं, आणि माझा तुकडा? तो तर कापूनच टाकला.
ताई हसली. खांदे हलले म्हणून कळलं. "ऐकलंस का तू नीट? तोच तर गाते ती. तोंड मिटून."

२१ नोव्हें., परत
गाडीत सगळा वेळ आठवत बसले. गुणगुणणं होतं खरं. मुखडा संपल्यावर ती डोळे मिटून काहीतरी घोळवते. मी त्याला नखरा समजले होते. संथ केल्यामुळे ओळखू आला नाही की मी ओळखायलाच तयार नव्हते, देव जाणे.

तपासावं म्हटलं तर व्हिडिओ नाही. कोणामुळे ते वेगळं लिहायला नको.

पेटीवाल्याचा तुकडा कोणी लक्षात ठेवत नाही. गाणाऱ्याला दम घ्यायला दिलेली जागा असते ती. देशपांडे मास्तरही 'मधलं ते वाजवणं' म्हणायचे. एवढं सगळं बदललं त्या पोरीने, लय, शब्द, वाद्यं, आणि ठेवलं काय तर हे. तिला ते गाण्याचाच भाग वाटलं असेल.

तसं तर तो तुकडाही मी कुठून आणला होता? शाळेच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतून. चाल तीच, फक्त वळवून भीमपलासात बसवली. सिस्टर बेनेडिक्टांनी रेडिओ ऐकला असता तर माझ्यावरही तक्रार गेली असती, याहून चांगल्या इंग्रजीत.

२३ नोव्हें., रविवार
फोन केला. तिच्या पानावर कार्यक्रमांसाठी नंबर दिलेला आहे. मागे बाजार चालल्याचा आवाज. वडिलांचा फुलांचा मळा आहे, सकाळी ती माल मोजून देते.

मी नाव सांगितलं, ते गाणं मुळात माझ्या ताईने गायलेलं हेही सांगितलं. म्हणाली, म्हणजे त्या आहेत अजून? मी म्हटलं, आहेत. मग मी तक्रारीचं सांगितलं. माझंच नाव घेऊन. वाटलं होतं ओरडेल.

"आंटी, पहिले मले फोन काहून नाही केला?"

नंबर तेव्हाही तिथेच होता.

मग बोलली बरंच. तक्रारीने तिच्या पानावर इशाऱ्याची खूण बसली आहे. एका कॉलेजच्या गॅदरिंगला तिला बोलावलं होतं, याच गाण्यावरून, त्यांनी सांगितलं की लफडं असलेलं गाणं नको, आणि मग तीही नको. नावाचं विचारलं तर म्हणाली, "कोणी तरी कॅसेटवरून टाकलेलं होतं. वर फक्त अकोला रेडिओ लिवलेलं. नाव मालूम असतं तर लिवलं नसतं का मी?"

ते तिने लावून ऐकवलं, फोनवर फोन धरून. आधी कळेना हे कोण. कोणी भारदस्त बाई, जड गळ्याची, सावकाश. मग लक्षात आलं. टेप ओढत होता. ज्याने कॅसेट उतरवून घेतली त्याच्या मशीनचा पट्टा सैल असणार, त्यामुळे काळी पाचच्या पट्टीतली ताई एक पट्टी खाली, काळी चारमध्ये उतरली आणि माझी धावपळसुद्धा शहाण्यासारखी चालायला लागली. पोरगी शिकली ती ही ताई. "मग मी अजून जरा हळू केलं," म्हणाली, "बोल समजून राहिले होते मले, म्हणून."

बिघडलेल्या मशीनने ते ऐकवलं जे ताईला गायचं होतं. हे कोणाला सांगणार.

मी म्हटलं, तक्रार मागे घेते, तू पुन्हा टाक. म्हणाली, पाहतो.

२४ नोव्हें.
मागे घेतली. पत्र लिहिताना तीन मसुदे. 'मी अधिकृत नव्हते' हे एक वाक्य लिहायला कॉन्व्हेंटचं इंग्रजी फार कमी पडलं.

२६ नोव्हें.
त्या लोकांचं उत्तर आलं. आता त्यांच्याकडून हरकत नाही. रेणुकाला कळवलं. तिचा निरोप, "टाकणार नाही सध्या. पहिले त्यायले ऐकवतो. त्या हो म्हनल्या तर." त्यायले म्हणजे ताईला. मला विचारण्याचा प्रश्न नव्हता, आणि ते बरोबरच.

मी अधिकार सांगून बंद पाडलं, आणि ती अधिकार विचारायला निघाली.

अजयला फोन केला, रविवारी पाहुणी येईल म्हणून. तक्रार मी केली तेही सांगितलं. म्हणाला, "आईला तू सांग. मी नाही सांगणार." एकदाही हसला नाही.

२८ नोव्हें.
पेटी काढली. भात्यातून आधी झुरळ निघालं, मग सूर. काळी चारमध्ये तुकडा बोटांना सापडेना. बोटं काळी पाचकडे पळतात आणि पळतातच. हळू वाजवायला सांगितलं की चुकतात. हळू वाजवताना प्रत्येक सूर दिसतो आणि त्यातले दोन मला कधीच नीट लागलेले नव्हते. वेगात खपून जायचे.

पेटी अकोल्याला नेणार नाही. कोणी बोलावलेलं नाही मला वाजवायला.

३० नोव्हें., रविवार, अकोला
रेणुका आली. एसटीने, गिटार पाठीला, हातात शेवंतीचा मोठा पुडा. ताईच्या पाया पडली, माझ्याही पडली, माझ्या वेळी जरा पटकन उरकलं. अजयच्या बायकोने पोहे केले होते, तिने आधी गाईन म्हटलं.

गायली. खोलीत ऐकणं वेगळं. मुखडा संपला, तिने डोळे मिटले आणि तो आला. माझा तुकडा. ओठ बंद, नुसता घशात. ते दोन सूर तिला नीट लागले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, पण तिथे फक्त शेजाऱ्यांची स्कूटर होती.

दुसऱ्या अंतऱ्यात ताईने हात वर केला. पोरगी थांबली. ताईने तिला जवळ बोलावून विचारलं, मीही वाकून ऐकलं.
"तिथं मधेच श्वास काहून घेतला? शब्द तुटतो."
"तुमीच घेता तिथं. टेपात आहे."
"मला दम लागला होता," ताई म्हणाली. "तुला कुठे लागलाय? तू नको घेऊ."

पुन्हा गायली. न तोडता, एका श्वासात. शेवटाकडे जाताना ताईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, लय होती. पोरीचीच.

मग पोहे. ताईने तिला हातानेच खूण केली, टाक, पुन्हा टाक. आणि 'पाण्याले'बद्दल? मी मुद्दाम विचारलं. ताई म्हणाली, राहू दे, मास्तर घरी तसंच बोलायचे.

सगळं इतकं छान चाललेलं आणि ताईने तिला विचारलं, "कोणी उडवलं होतं गं ते? कळलं का?"

रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ताईकडे वळून म्हणाली, "मावशी सांगतील तुमाले." आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाऊ लागली. आंटीची मावशी केव्हा झाले कळलं नाही.

ताई माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, चहा टाकते. चहा टाकला. तेवढ्यात एसटीची वेळ झाली, अजय तिला सोडायला गेला, शेजारच्या बाई आल्या. ताईने पुन्हा विचारलं नाही. मला ती लहानपणापासून ओळखते. तिला माहीत असेल. माहीत असणं आणि मी सांगणं यात फरक आहे, हेही तिला माहीत असेल.

१ डिसेंबर, अकोला
राहिले. सकाळी निघायचं होतं.

रेणुकाचा निरोप आला. नवं रेकॉर्ड करणार आहे, तो श्वास काढून. खाली दोन्ही नावं लिहिणार, ताईचं आणि मास्तरांचं. पेटीवर कोण होतं, नाव कसं लिहू, विचारलंय. अजून उत्तर दिलेलं नाही. आधीचं उरकल्याशिवाय देता येणार नाही.

अजय ऑफिसला गेला. ताई अंगणात उन्हाला बसली आहे. मगाशी तिने स्वतःच ओढत दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली, आणि तेव्हापासून रस्त्याकडे पाहत बसली आहे. घाई नाही तिला.

मनात वाक्य जुळवतेय तर ते इंग्रजीतच जुळतं, सभ्य, गोल, स्वतःला अर्धं माफ केलेलं. ते नको. मराठीत दोनच शब्द लागतात: मी उडवलं.

जाते.