काकवीचा वास

१२ जानेवारी
पोरगी झाली! आवाज खणखणीत. संगमेश फोनवर नुसता रडत होता, बोलेचना! त्याची आई, म्हणजे आमची आत्ती, गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं आली. सासू आणि सख्खी आत्या एकच, त्यामुळं भांडायचीही चोरी!

१५ जानेवारी
दुपटं बदललं — काकवीचा वास! पहिल्या बाळाच्या दुपट्यांना हाच होता. तेव्हा सासरी दारातच गुऱ्हाळ, सगळ्या घरालाच तो वास. आत्ती म्हणाली होती, "गुळाच्या घरचं पोर हाय, गोडच असायचं की!" मीही हसले होते. मग त्यानं दूध सोडलं, मलूल पडलं, आठवड्यात गेलं. नजर लागली म्हणाले सगळे.
पण इथं माहेरी, शाहूपुरीत, गुऱ्हाळ कुठलं?

१६ जानेवारी
पोरगी दूध ओढत नाही. आत्ती दारात आडवी — "ओली बाळंतीण घराभायेर जात न्हाय! बारसं तर हूंदे!" म्हटलं, पहिल्याचं झालं का बारसं? दारातनं बाजूला झाली. जास्त बोलले. बोलले तर बोलले! कान बांधले, दुपटं पिशवीत घातलं, रिक्षात बसले.
डॉक्टरबाईंनी दुपटं हुंगलं आणि लगेच पोरीची लघवी घेतली. "नात्यात लग्न?" हो, आत्याच्या मुलाशी. आमच्यात पद्धतच आहे. काचेच्या नळीतल्या लघवीत औषध टाकलं. बघता बघता पिवळाधमक गढूळ साका धरला. "रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. अंगावरचं दूध आत्ता बंद." दुधातलं काहीतरी तिच्या अंगात जिरतच नाही, साठून विष होतं म्हणे. वास त्याचाच, आणि हा दोष दोन्हीकडच्या रक्तातनं उतरतो. माझंच दूध! रडायचं ते नंतर.

१७ जानेवारी
सलाईन. डोळे मिटलेलेच. वेगळं पावडरचं दूध आणायला संगमेश पुण्याला गेलाय. आत्ती कोपऱ्यात बसून असते, माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. मी इथनं हलणार नाही.

२० जानेवारी
रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतो. पण पावडरचं दूध घेतलं तिनं! जन्मभर पथ्य, बाई म्हणाल्या. मी म्हटलं, सांभाळीन की.

२४ जानेवारी
लघवीची नळी आज नितळ! साका नाही. आत्तीनं दुपटं नाकाला लावलं — "मुताचा वास हाय गं! नुसत्या मुताचा!" आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "संगमेशच्या आधी दोन पोरी गेल्या माझ्या. त्यांची दुपटीबी गोडच हुती."